मडमच्या हातची भाकरी

रावेरकडच्या एका खेड्यात मी मिशनच्या शाळेवर शिकवत होते. स्वराज्याला सात-आठ वर्षं झाली होती. आधीची गोरी माणसं कायमची गेली म्हणून जरा टेकावं, तर दुसरी पाहुणी म्हणून हजर झाली. ही अमेरिकेची होती. एक साहेब, त्यांची मडम आणि दोन तरुण, ज्यांचं मुख्य काम उन्हात लाल होणं हे होतं. मुक्काम तीन आठवड्यांचा आणि उद्देश गावकऱ्यांशी नातं जोडण्याचा. आमच्याकडे दोन सख्ख्या भावांचा बांधावरचा अबोला सुटायला पिढ्या पुरत नाहीत, पण अमेरिकन माणूस कामाला वाघ. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, इंग्रजी येणारी, म्हणून दुभाषी मीच.

राहायला मी अक्कांच्या घरी होते. अक्का विधवा, केळी आणि कपाशीची शेती दिराच्या जोडीनं बघायच्या. त्या दिराला सगळे नाना म्हणत. ख्रिस्ती बाईला जागा देऊ नये, असं नानांचं मत होतं. अक्कांनी ते ऐकून घेतलं आणि गल्लीकडे दार असलेली बाहेरची खोली मला दिली. माया म्हणाल तर काठोकाठ. मला ताप आला तेव्हा त्या उशाशी बसून राहिल्या होत्या. भरीत केलं की पहिली वाटी माझ्याकडे यायची. फक्त माझ्या हातचं त्या काही घेत नसत. पाणीसुद्धा नाही. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपली जात मागे राहिली. ती माझ्याआधी या गावात येऊन बसली होती. मला याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. वाटायचं. फार वाटायचं. एकदा तरी त्यांनी माझ्या हातचा कपभर चहा प्यावा, एवढंच माझं मागणं होतं, आणि ते मी तोंडातून कधी काढलं नव्हतं.

तर पाहुणे. त्यांना 'नमस्कार' हा एक शब्द येत होता आणि तो ते माणसांना, पोरांना आणि एकदा तर गोठ्यातल्या बैलालाही करून मोकळे झाले. पाणी उकळून आणलेलं आणि थर्मासात भरलेलं. जेवण डब्यातलं, डबे बोटीनं आलेले. केळ्यांच्या मुलखात कुणी घड पुढे केला, तर केळं आधी लाल औषधाच्या पाण्यात बुडवायचे, मग पुसायचे आणि मग साल काढून फेकून द्यायचे. हे बघायला रोज गर्दी व्हायची. नातं जुळतंय म्हणून साहेब खूश.

गावालाही नातं हवंच होतं, पण त्याच्या पद्धतीनं. लेकरं किती, पगार किती, साहेबांची म्हातारी आई कुणाकडे सोडून आलात, असे साधे प्रश्न लोक विचारायचे. मी त्यांचं भाषांतर करताना त्यांना एवढी घासूनपुसून घ्यायची की पलीकडे पोचेपर्यंत ते हवापाण्याबद्दलचे होऊन जायचे.

शेवटच्या आठवड्यात अक्कांनी चौघांना जेवायला बोलावलं. नाना भर ओट्यावर, चार माणसांत हसले. म्हणाले, द्यायला येणारी माणसं ही, घ्यायला नाही; आपल्या घरचा घास त्यांच्या घशाखाली उतरायचा नाही. अक्का म्हणाल्या, जेवतील. झालं, बोलणं गावभर पसरलं. आता ते जेवले नाहीत तर अक्कांनी तोंड दाखवायचं कुठं, एवढीच पंचाईत शिल्लक राहिली.

साहेबांनी अर्थातच नम्रपणे नकार दिला. त्यांच्या डॉक्टरांनी बाहेरचं शिजलेलं खायला बंदी केली होती. मी मान खाली घालून अक्कांना सांगितलं.

"कोणाच्याच घरचं खात नाई?" त्यांनी विचारलं.

कुणाच्याच नाही, मी म्हटलं. पाणीसुद्धा स्वतःचंच, भांडीसुद्धा स्वतःचीच. मला वाटलं, आता त्यांचा चेहरा पडेल. तो उजळला.

"मंग असं सांग ना. त्यायचं सोवयं हाये."

आणि त्या उठल्याच. गावात कुणी सोवळं पाळणारा भटजी किंवा बैरागी आला, तर त्याला शिजवलेलं वाढत नाहीत, शिधा देतात. तो आपली चूल मांडून आपलं करून खातो. यात कुणाचा अपमान नाही, उलट घराला पुण्य. अक्कांनी अंगण सारवलं, तीन दगडांची नवी चूल मांडली, सुपात कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ, वांगी, हिरव्या मिरच्या, तेल, मीठ घातलं आणि मडमला निरोप धाडला की या आणि रांधा. मी हा गैरसमज दूर करायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. पण लाल औषधात आंघोळ घातलेली केळी आठवा. मला त्यात गैरसमज दिसेना.

स्वतः शिजवायचं तर डॉक्टरांची हरकत कशी असणार? साहेबांनी होकार दिला. मडम आली, झगा आवरून चुलीपुढे बसली आणि पहिल्या फुंकरीला तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी कशीबशी भाजली. भाकरी मात्र तिच्या हाताला चिकटली, मग परातीला चिकटली, मग अर्धी तव्यावर आणि अर्धी राखेत पडली. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. कुणी तिचा पंजा धरून थापायला शिकवत होती, कुणी भाजलेल्या बोटाला तेल लावत होती. तीही हसत होती. तीन आठवड्यांत कुणाला माझी गरज पडली नाही, असा तो एकच तास. मी ओट्याच्या कडेला नुसती उभी होते.

शेवटी एक भाकरी जमली. काळी, वाकडी, पण भाकरी. मडमनं ती मोडली, एक तुकडा स्वतःच्या तोंडात घातला आणि दुसरा अक्कांपुढे धरला.

नाना खांबाला टेकून बघत होते. अक्कांनी तुकडा घेतला, वर भरीत ठेवलं, आणि खाल्ला.

सगळ्यांनी आनंदानं कल्ला केला, साहेबांनी फोटो काढला, नाना पाय आपटत केळीच्या बागेकडे निघून गेले. अक्का जिंकल्या होत्या आणि मलाही त्याचा आनंद व्हायला हवा होता. तो होईना. सात समुद्रांपलीकडच्या बाईच्या हातचा घास त्या घराला चालला. माझी खोली त्याच घराच्या भिंतीला लागून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांची जीप भुसावळच्या गाडीसाठी निघून गेली. आपली मोहीम फत्ते झाली, असं साहेबांनी जाताना मला दोनदा सांगितलं. मी खोलीत गेले, चहा केला आणि कप घेऊन सरळ अक्कांच्या पुढ्यात उभी राहिले. त्या डाळ निवडत होत्या.

"काल मडमच्या हातचं खाल्लंत," मी म्हटलं. "आज माझ्या हातचा चहा घ्या."

त्या रागावल्या नाहीत. गल्लीकडे बघितलं, कुणी नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं, तापात बघायच्या तसंच.

"तिले काय, बाई. ती चालली गेली," त्या म्हणाल्या. "तू तं इथीच रायशीन."

मी कप परत नेला आणि तो चहा मीच प्याले. त्या बरोबर बोलल्या होत्या. पुढं कितीतरी वर्षं मी त्याच खोलीत राहिले.