पेटी शुक्रवारच्या बोटीनं गेली नाही

२०१९ साल. मी अडुसष्ट वर्षांचा होतो, आणि दोन इंग्रज माझ्या पेटीसमोर उभे राहून भांडत होते.

पेटी म्हणजे कपड्यांची नव्हे. जड मशीन बोटीनं पाठवायचं तर त्याच्याभोवती लाकडी खोका बांधावा लागतो. यार्डात त्याला क्रेट म्हणतात, मी पेटीच म्हणतो. सिंगापुरात, पासिर रिसच्या पुढे कारखान्यांच्या पट्ट्यात आमचं पॅकिंग यार्ड. तिथे मी बावीस वर्षं पेट्या बांधल्या. त्याआधी बोटीवर सुतार होतो, त्याआधी वेंगुर्ल्यात बापाच्या हाताखाली. शाळा तिसरीपर्यंत. इंग्रजी बोटीवर शिकलो, त्यामुळे शिव्या स्पष्ट येतात, बाकीचं जमेल तसं. पण मी बांधलेली पेटी वाटेत फुटली अशी एकही तक्रार कधी आली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे ते इतकं चांगलं नाही.

पेटीत पंप होता. इंग्लंडातल्या कुठल्याशा गावात पुराचं पाणी उपसायला. तीन टन वजन, उभा. आडवा करायचा नाही अशी सक्त सूचना. ज्या कंपनीचा पंप तिचं ऑफिस हार्बरफ्रंटला. तिथले दोन साहेब आले होते, ग्रॅहम आणि पीटर. एकाच कंपनीत, शेजारी शेजारी बसणारे.

“तारीख म्हणजे तारीख,” ग्रॅहम म्हणाला. “मार्च संपायच्या आत आम्ही बाहेर. करार असो नसो.”

“करार नसला तर बंदरावर ट्रकांची रांग किती लागेल, कल्पना आहे?”

“लागू दे. चार दिवस लागेल.”

“तू त्या रांगेत नसशील ना, म्हणून.”

“मग काय करायचं? तुला हवं ते उत्तर येईपर्यंत लोकांना पुन्हा पुन्हा मत द्यायला लावायचं?”

आमचा बॉस मिस्टर ओंग मध्ये उभा होता. हातात कागद. “जेंटलमेन, देश तुमचा. मला फक्त सांगा, बॉक्स कुठल्या बोटीत घालू?”

भांडणाचं मूळ असं. युरोपातल्या देशांचा एक संघ आहे. आतल्या आत माल नेताना कोणी अडवत नाही. इंग्लंडनं तीन वर्षांपूर्वी मतदान करून बाहेर पडायचं ठरवलं. बाहेर पडायचं हे ठरलं, कसं पडायचं ते ठरेना. काही म्हणत, लिहून-वाचून, करार करून पडू. काही म्हणत, करार कशाला, सरळ उठून चालू लागू. काही म्हणत, जायचंच कशाला. त्यांची पार्लमेंट प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत होती.

आता याचा माझ्या पेटीशी संबंध. आमच्याकडून दोन बोटी होत्या. एक शुक्रवारची, थेट इंग्लंडला, तारखेच्या आत पोचणारी. दुसरी पुढच्या आठवड्यातली, हॉलंडमधल्या रॉटरडॅम बंदराला. तिथे पेटी उतरून ट्रकनं इंग्लंडला जायची. ही तारीख उलटून गेल्यावर पोचणार. तोवर इंग्लंड करार न करता बाहेर पडलेलं असलं तर ट्रक अडणार, कागद नव्यानं, तपासणी नव्यानं.

पीटर म्हणे रॉटरडॅम, कारण काही होणार नाही, तारीख पुढे ढकलतील. ग्रॅहम म्हणे थेट, कारण ढकलणार नाहीत.

पीटरनं मला विचारलं, “अंकल, तुम्ही असता तर काय केलं असतं?”

यार्डात मला सगळे अंकलच म्हणतात. मी म्हटलं, “साहेब, निघतो म्हटल्यावर मी दारात उभा राहून तासभर चपला शोधत बसत नाही.”

ग्रॅहमनं माझ्या पाठीवर थाप मारली. मला बरं वाटलं. इंग्लंडचं मला काय कळतं? पण माणसानं तारीख दिली की पाळावी, एवढं कळतं. मी ग्रॅहमला म्हटलं, “शुक्रवारची बोट घ्या. पेटी तयार असेल. माझा शब्द.”

बॉसनं माझ्याकडे असं पाहिलं की बास. शब्द द्यायचं काम त्याचं होतं.

अडचण उंचीची होती. साध्या कंटेनरचा दरवाजा साडेसात फुटांना थोडा कमी. हाय-क्यूब म्हणून एक उंच कंटेनर असतो, त्याचा फूटभर जास्त. त्या भांडणाआधी, सोमवारी रॉटरडॅम ठरलं होतं, हाय-क्यूब मिळणार होता, म्हणून मी पेटी सात फूट आठ इंच बांधली. मंगळवारी लंडनच्या मुख्य ऑफिसातून फोन, थेट बोट. थेट बोटीला साधाच कंटेनर शिल्लक. बुधवारी सकाळी पुन्हा रॉटरडॅम. दुपारी “थांबा, काही करू नका.” मी हातात करवत घेऊन दोन दिवस पेटीभोवती फिरत होतो. गुरुवारी सकाळी ओंग खाली आला.

“डायरेक्ट. फायनल. उद्या चारचा कट-ऑफ.”

कट-ऑफ म्हणजे त्या वेळेनंतर बंदर त्या बोटीसाठी कंटेनर घेत नाही. रडा नाहीतर पाया पडा.

“तीन इंच कमी कर,” ओंग म्हणाला. “वरचं छप्पर काढ, सपाट झाकण ठोक. तासाभराचं काम.”

हे छप्पर म्हणजे माझी खासियत. सगळे सपाट झाकण मारतात. मी मधे उंच, दोन्हीकडे उतार देतो, कोकणातल्या घरासारखा. कारण कंटेनरला समुद्रात घाम सुटतो. दिवसा तापतो, रात्री गार होतो, आतल्या पत्र्यावरून पाणी टपकतं. सपाट झाकणावर ते साचतं आणि फटीतून आत जातं. उतारावरून निघून जातं. आमचा फोर्कलिफ्टवाला मुरुगन नेहमी चिडवायचा, “अंकल, कौलं कधी घालणार? मी भाड्यानं राहायला येतो.”

मी ओंगला म्हटलं, “छप्पर निघणार नाही.”

“अंकल, प्लास्टिक टाक वरून.”

“प्लास्टिक तुमच्या गाडीवर टाका. माझी पेटी अशी जात नाही.”

“मग तीन इंच कुठून आणणार?”

“खालून.”

पेटीच्या तळाला आडवे जाड ओंडके असतात, बेअरर म्हणतात. त्यांच्यामुळे पेटी जमिनीपासून उचललेली राहते आणि खालच्या जागेत फोर्कलिफ्टचे दोन लोखंडी फोर्क जातात. माझे बेअरर पाच इंची. मी ठरवलं, ते काढून दोन इंची फळ्या लावायच्या. तीन इंच गेले, छप्पर राहिलं. ओंग हात झटकून वर गेला. मी जॅक लावून पेटी एकेका बाजूनं उचलली. दिवसभर लागला.

मुरुगन बघत होता. तमिळनाडूचा, चाळिशीचा, नऊ वर्षं आमच्याकडे. आम्ही आपसात मोडकी हिंदी बोलायचो.

“अंकल, फोर्क जाएगा?”

“मोजलंय मी.”

“कुठं मोजलं?”

“तू मला मोजायला शिकवणार?”

मी खरंच मोजलं होतं. पण फोर्क टोकाला मोजला होता. फोर्क टोकाला पातळ असतो, जीभ असते तसा, आणि मुळाकडे जाड होत जातो. बावीस वर्षं रोज डोळ्यासमोर असलेली वस्तू. मी टोकावर टेप धरला, अर्धा इंच भरला, आणि मान हलवली. शिवाय तीन टनांखाली तळ मधोमध दबला, तो हिशेबातच नव्हता.

शुक्रवारी दोन वाजता ट्रेलर आला. मुरुगननं फोर्क घातले. निम्मे गेले आणि अडकले. त्यानं मागे घेऊन परत घातले. कडकन आवाज झाला, फळी उभी चिरली, पेटी एका बाजूला दोन बोटं कलली. ट्रेलरचा ड्रायव्हर ओरडला. ओंग जिन्यावरून धावत आला. यार्डातले सगळे जमले.

आणि मी, मुरुगनकडे बोट दाखवून ओरडलो, “तिरका घातलास मेल्या! डोळे कुठे होते?”

मुरुगन खाली उतरला. “अंकल, सीधा डाला.”

“सीधा डाला तर फळी फाटली कशी?”

त्यानं खाली वाकून पाहिलं. फोर्क किती गेला, कुठे अडला, सगळं त्याला दिसलं. मला दिसलं की त्याला दिसलं. मग तो उभा राहिला आणि हात पुसू लागला.

ओंगनं क्रेनवाल्यांना फोन लावले. उद्यापर्यंत कोणी मोकळं नाही. चार वाजले. ग्रॅहमचा फोन आला, त्याचा आवाज मला ऐकू येईल इतका मोठा होता. ओंगनं त्याला सांगितलं, “ऑपरेटर मिस्टेक.” रिपोर्टमध्येही तसंच लिहिलं, चूक मुरुगनची. मी पाच पावलांवर उभा होतो.

सोमवारी मी पाच इंची बेअरर परत लावले. पेटी त्या आठवड्यात हाय-क्यूबमधून, छपरासकट, रॉटरडॅमच्या बोटीनं गेली.

मग माझा मार्च सुरू झाला. मी पुंगोलला मुलाकडे राहतो. मुलगा नितीन आयटीत आहे. संध्याकाळी मी टीव्हीपुढे बसायचो, इंग्लंडची पार्लमेंट लावून. हिरव्या बाकांवरची माणसं एकमेकांवर ओरडत. नितीन सांगायचा, आज कुठला ठराव पडला, आज कोण हरलं. मी महिन्यापूर्वी ग्रॅहमच्या बाजूचा होतो. आता मला वाटत होतं की तारीख पुढे जावी. ती ठरल्याप्रमाणे आली तर पेटी अडकेल, दंडाची भाषा सुरू होईल, चौकशी होईल, आणि कोणीतरी विचारेल की बेअरर नक्की का बदलले होते. तारीख ढकलली तर सगळं झाकून जाईल. मी अख्ख्या देशानं शब्द मोडावा म्हणून वाट बघत होतो.

नात इरा नऊ वर्षांची. तिनं विचारलं, “आजोबा, यू वॉन्ट देम टु गो ऑर स्टे?”

“थांबू देत गं थोडं.”

“दे पोस्टपोन ऑलरेडी लाह! डॅडी सेड.”

मी नितीनला हाक मारली. खरंच ढकलली होती. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो. लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली.

एप्रिलमध्ये पेटी रॉटरडॅमला उतरली, ट्रकवर चढली आणि इंग्लंडला पोचली. कोणी अडवलं नाही, कारण देश अजून आतच होता. पंप कोरडा. पीटर मुद्दाम यार्डात आला, सगळ्यांना कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली आणि म्हणाला, “अंकल, शुक्रवारची बोट चुकली ते बरंच झालं. माझंच खरं निघालं.” ग्रॅहम आला नाही.

त्याच दुपारी ओंगनं मला वर बोलावलं. माझं काम वर्षावर्षाच्या कागदावर चालायचं. त्यानं नवा कागद पुढे केला.

“वन मोअर इयर, अंकल. कस्टमर हॅपी.” मग सहज म्हणाला, “मुरुगनचं परमिट या महिन्यात संपतंय. मी रिन्यू करत नाही. बेफिकीर माणूस फोर्कलिफ्टवर नको.”

परमिट नाही म्हणजे मुरुगनला गावी परत जावं लागणार. मी पेन उचललं होतं. सही करायला मला वेळ लागतो, अक्षरं एकेक करून काढावी लागतात. पहिलं अक्षर काढलं आणि पेन ठेवलं. म्हटलं, “चष्मा आणला नाही. उद्या करतो.” चष्मा नाकावर होता. ओंगनं पाहिलं.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. मुरुगनचं परमिट दोन वर्षांसाठी वाढलं. माझा कागद वर्षाचा झाला नाही, महिन्यामहिन्याचा झाला, आणि वर्षअखेरीला मी घरी बसलो. इंग्लंड त्याच्या पुढच्या जानेवारीत बाहेर पडलं, करार करून. ग्रॅहम आणि पीटर दोघंही म्हणत असतील, मी सांगत होतो तसंच झालं. मला या सगळ्यातून कळलं ते इतकंच, की काम निभावलं म्हणजे माप बरोबर होतं असं नाही. आणि फोर्क नेहमी मुळाशी मोजावा.

सही अर्धवट सोडली त्या दिवशी घरी मी टीव्ही लावला नाही. मुरुगनच्या घरी दोन मुली आहेत, एकीचं कॉलेज सुरू व्हायचं होतं, हे तो नऊ वर्षं मला सांगत आला होता. मी नऊ वर्षं फक्त हं हं म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या बसनं यार्डात गेलो. ओंगच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सांगितलं, “फोर्क मी चुकीचा मोजला. मुरुगननं सरळ घातला होता. तुम्ही छप्पर काढायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.”

ओंगनं बोटांवर आठवडे मोजले. मग म्हणाला, “अंकल, दीड महिना?”

“हो.”

त्यानं फोन उचलला आणि परमिटच्या एजंटला मुरुगनचा फॉर्म पाठवायला सांगितलं. माझा कागद ड्रॉवरमध्ये टाकला.

खाली सगळे चहाला जमले होते. मी ओरडलो होतो ते सगळ्यांसमोर, म्हणून हेही सगळ्यांसमोर सांगितलं. हिंदीत सांगितलं, मग इंग्रजीत. कोणी हसलं नाही. मुरुगन फोर्कलिफ्टवर बसून होता. मी त्याच्याकडे गेलो.

त्यानं चावी फिरवली आणि म्हणाला, “अंकल, साइड. पेटी उठाना है.”

मी बाजूला झालो.