सेल, सोल्ड आणि सेल्सगर्ल

दुकानात नोकरी केलेल्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते आपणहून अंगावर येतात. ऐंशीच्या आसपास वाशीच्या नव्या वस्तीत मिक्सर-फ्रिजचं एक दुकान होतं, तिथे मी काउंटरला होते. एकट्या ‘सेल’ या शब्दापायी मी जेवढा संताप गिळलाय, तेवढा सासरीसुद्धा नाही!

*

सुरुवातच बघा. शेठने पाटी लावली होती, ‘सेल्सगर्ल पाहिजे’. माझे वडील साताऱ्याकडचे. ते डिक्शनरी घेऊन बसले. “सेल म्हणजे विक्री, गर्ल म्हणजे मुलगी. हे काय लिहिलंय?” तडक दुकानात गेले. “आधी शब्द बदला, मग पोरगी पाठवतो!”

शेठने मुकाट्याने बदलला. हजेरीपुस्तकात मी सहा वर्षं ‘सेल्समन’ होते!

*

एक फ्रिज काही केल्या खपेना. शेठने त्यावर ‘सोल्ड’ अशी चिठ्ठी चिकटवली. म्हणजे लोक घाबरून बाकीचे उचलतील! गणपती गेले, दिवाळी गेली, चिठ्ठी तिथेच. आणि रोज खोटं बोलायचं कोणी? मी!

शेवटी समोरच्या सोसायटीतल्या कुलकर्णीकाकू म्हणाल्या, “अगं, ज्याने घेतला तो माणूस जिवंत आहे ना?”

*

जवळच्या बोनकोडे गावाहून एक म्हातारी भर उन्हात चालत आली. “दोन सेल दे गो.” तिला टॉर्चचे सेल हवे होते. ते आम्ही ठेवत नव्हतो. शेठ सगळ्या गिऱ्हाइकांदेखत खो-खो हसला. माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत तिनेच बाहेरच्या कापडी बॅनरकडे बोट केलं.

“सुनेनं वाचून सांगलं म्हनून आले. ठेवत नाय, तर येवढ्या मोठ्या अक्षरांनी लिवता कशाला?”

*

सेलमध्ये घेतलेला मिक्सर चौथ्या दिवशी जळला. बाई कार्ड घेऊन आली. “यावर ‘आफ्टर सेल सर्व्हिस’ लिहिलंय.”

“बरोबर!” शेठ म्हणाला. “सेल अजून चालू आहे. संपल्यावर या!”

बाई रडकुंडीला आली. मी शोकेसमधला नवा मिक्सर काढला आणि तिच्या हातात दिला. शेठ ओरडला, “हे काय?”

म्हटलं, “सर्व्हिस!”

*

आमच्याकडे जोशी सर यायचे. इंग्रजीचे रिटायर्ड मास्तर. खरेदी शून्य, गप्पा भरपूर. एकदा तळवलीचे पाटीलकाका टीव्ही बघायला आले होते. सरकारने घेतलेल्या त्यांच्या शेतावर आता नवी वसाहत उठत होती. सर रंगात आले होते.

“सेल म्हणजे विकणं, हे आत्ताचं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता नुसतं ‘देणं’!”

काका टीव्हीवरून हात काढून वळले. “खरं बोलता, सर?”

“अगदी खरं.”

“मंग बरोबर हाय. आमच्या शेतावर सरकारी साहेब आला, तेवा मी इचारलं, जमीन विकायची हाय का? तो बोलला, ‘विकायची नाय काका, द्यायची हाय.’ मी समजलो, फसवतोय. तो तर जुनी इंग्रजी शिकलेला व्हता!”