पुढचा चाप

धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला लावले आणि माझ्या बोटांच्या टोकांवरून कापूस फिरवला. मला काहीच जाणवलं नाही. आठवलं ते बाबांचं बंदुका दुरुस्तीचं दुकान, सत्तर-एकाहत्तर सालातलं, तेलाच्या वासाचं.

भिवापूरकडचे एक शेतकरी ठासणीची बंदूक घेऊन आले होते. तिला दोन चाप होते. मागचा ओढून ठेवला की पुढचा इतका हलका व्हायचा, की बोट टेकताच घोडा पडून बार उडायचा. तो हलकेपणा एका बारीकशा स्क्रूवर ठरायचा. जास्त झाला, तर बंदूक नुसत्या धक्क्यानंही सुटायची.

स्क्रू फिरवून बाबांनी रिकामी बंदूक माझ्यापुढे धरली. "पाह्य वं, कसा वाटते?"

मी मागचा चाप ओढला. पुढच्याला बोट लावते न लावते तोच खट्ट झालं. "लयच हलका झाला, बाबा."

"पोरीले काहून विचारून राहिले, मिस्त्री?" शेतकरी हसले.

"तिचं बोट माह्याहून हुशार आहे."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग चहा आला. शेतकऱ्यांनी पेला खांद्यावरच्या दुपट्ट्यात धरला. बाबा मात्र तो उकळता पेला उघड्या बोटांत घेऊन निवांत बसले होते. केवढा टणक माझा बाप, असं मला वाटलं होतं.

"हा त्रास घरात आधी कुणाला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाबांना," मी म्हणाले, आणि ते मला स्वतःलाही तेव्हाच समजलं.