पूजेआधीची गोळी

"कॅन्सर स्वादुपिंडाचा आहे, यकृतात पसरलाय. ऑपरेशनचा उपयोग नाही," सोलापूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझ्या मालकांनी त्यांच्या टेबलावर गुद्दा हाणला, काच तडकली. "मग मरायला आलोय व्हय इथं?"

बाई डगमगल्या नाहीत. म्हणाल्या, "आता पॅलिएटिव्ह केअर." म्हणजे रोग जाणार नाही, पण हाल कमी करायचे. मला त्या शब्दाचा लई राग आला. मरायची सोयच लावली की!

उमरग्यात हायवेला आमचं टायरचं दुकान. ट्रकचं चाक एकटे उतरवायचे हे. आता पोटातली कळ पाठीत गेली की भिंतीवर डोकं आपटायचे. धाकटे दीर बसवराज मागून मिठी मारून धरायचे. झटापटीत भावजींचा ओठ फुटला. मी पाणी पाजायला गेले तर हे माझ्या मनगटाला कडकडून चावले. शेजारी म्हणायचे, ह्यांच्यात रोज मारामारी चालते. चालतच होती.

बाईंनी मॉर्फिन दिलं होतं. मॉर्फिन म्हणजे जबर वेदनेवरचं औषध, अफूपासून बनतं. भावजींनी नेमकं तेच मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि घात झाला. आम्ही लिंगायत. ह्यांच्या गळ्यात लहानपणापासून इष्टलिंग. रोज अंघोळ करून ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मगच अन्न. नशापाणी वर्ज्य.

"ज्या हातावर लिंग घेतो त्या हातानं अफू खाऊ? जीव गेला तरी न्हाय!" म्हणाले आणि पाकीट नालीत फेकलं. एक पट्टी मी डाळीच्या डब्यात लपवली होती. तिच्यातली गोळी तोंडात कोंबली तर माझ्या अंगावर थुंकले. सासूबाईही त्यांच्याच बाजूच्या. "धर्म बुडवू नगं बाई," म्हणायच्या.

मग तो सोमवार. पूजेला बसले, विभूती लावली, लिंग तळहातावर घेतलं आणि कळ आली. हात झटकला गेला. लिंग समोरच्या भिंतीवर आदळून खाटेखाली गेलं.

आमच्यात लिंग हातातून पडणं म्हणजे प्राण गेल्यासारखं. हे डावा हात फरशीवर बडवायला लागले. "तोडा हा हात! कोयता आणा!" बोटं फुटली, फरशीवर रक्त सांडलं. मी नुसती किंचाळत होते.

थोरल्या भावापुढं कधी आवाज न चढवलेल्या बसवराजांनी ह्यांना खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला. "अण्णा, लिंग तुमी न्हाय फेकलं, ह्या दुखण्यानं फेकलं! आन तुमी त्यालाच पोसताय!"

सासूबाईंनी खाटेखालून लिंग काढलं, पदरानं पुसलं आणि आपल्या छातीशी धरलं. "आदी गोळी घे. मग हे देते."

"आई, तू म्हणतीस?"

"व्हय, म्या म्हणते. गीळ मुकाट्यानं."

गिळली. दुपारी उठून बसले. तीच पूजा पुन्हा मांडली, फुटक्या बोटांच्या हातावर लिंग घेतलं. हात हलला नाही. सासूबाई दारातच बसून ढसाढसा रडल्या.

त्यानंतर रोज आधी गोळी, मग पूजा. एकदा माझं मनगट बघून म्हणाले, "लई जोरात चावलो का गं?" म्हटलं, "कुत्रं बरं!" किती तरी दिवसांनी घरात हसू आलं. भाऊ-भाऊ चहा पीत गप्पा मारायला लागले. ते दिवस आम्हाला त्या गोळीनं दिले. तुमच्या घरी ही वेळ आली तर डॉक्टर सांगतील तशी गोळी वेळेवर द्या, कळ यायची वाट बघू नका. तिनं पोट साफ होत नाही, त्याचं औषधही मागून घ्या. आणि घरातल्या थोरल्यांना आधी विश्वासात घ्या, म्हणजे आमच्यासारखं रक्त सांडायचं नाही.

हे गेले ते पूजा आटोपून, उशीवर मान टेकून.

आमच्यात बसवून माती देतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. विधी करणारे अय्या म्हणाले, "लिंग घसरंल, हात धरा कुणीतरी." बसवराज खड्ड्यात उतरले आणि सवयीनं दोन्ही हातांनी तो हात गच्च आवळला.

मी वरून म्हटलं, "भावजी, सैल धरा. आता न्हाय दुखत त्यांना."