हलकं स्टिअरिंग

मार्गशीर्षातल्या सकाळी निगडीच्या प्राधिकरणात ऊन उशिरा उतरतं. आधी बंगल्यांच्या गच्च्यांवरच्या टाक्या उजळतात, मग कडुनिंबाचे शेंडे, आणि अगदी शेवटी ते माझ्या गॅरेजच्या दारात येऊन थबकतं, जिथे जुन्या चामड्याचा, पेट्रोलचा आणि गारठलेल्या लोखंडाचा मिळून एक कडवट-गोड वास रात्रभर साठलेला असतो. त्या वासात उभी राहून मी हातांची बोटं एकेक करून उघडते. संधिवातानं माझे हात धरल्याला आता बरीच वर्षं झाली. पहाटे ती बोटं माझी नसतातच. कुणा परक्या, हट्टी बाईची असावीत तशी ती मिटून बसलेली असतात, आणि चहाच्या पेल्याची ऊब लागेपर्यंत त्यांची समजूत काढावी लागते.

गॅरेजमधली गाडी माझ्याहून वयानं थोडी मोठी. विलायती, दोघांपुरती, लांब नाकाची आणि उघड्या छताची. चाकणच्या कारखान्यात सुट्या भागांच्या तपासणीची नोकरी करत असताना, खोपोलीच्या एका बंद बंगल्याच्या आवारात घाणेरीच्या जाळीत तिचा सांगाडा मला सापडला होता. तो मी उचलून आणला आणि कैक रविवार खर्चून पुन्हा चालता केला. त्या काळच्या या स्पोर्ट्स गाड्यांचं स्टिअरिंग वळवायला मनगटात जोर लागतो, उभ्या गाडीत तर खांद्यातही. माझ्याकडे तो होता, तोवर त्याचं मला काही वाटलं नाही. मग एका दुपारी आकुर्डी स्टेशनाजवळच्या वळणावर स्टिअरिंग अर्धं फिरलं आणि माझे हात थांबले. मागून सिटी बस भोंगा वाजवत होती. शेवटी एका भाजीवाल्यानं बाहेरूनच हात घालून ते पुढं फिरवून दिलं. मी त्याचे आभार मानले की नाही, आठवत नाही. डोळ्यांपुढे सगळा रस्ता पाण्यात बुडाल्यासारखा दिसत होता.

ही बातमी आमच्या मंडळात पोहोचायला वेळ लागला नाही. आमचं मंडळ म्हणजे जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं. दर रविवारी सकाळी ते प्राधिकरणातल्या एका मोकळ्या मैदानावर भरतं आणि मिसळीवर उठतं. त्याचे प्रमुख अण्णासाहेब. ते पुनावळ्याच्या जुन्या शेतकरी घरातले. जिथे त्यांचा ऊस होता तिथे आता मनोरे उभे आहेत. त्यांच्याकडे पाच जुन्या गाड्या, आणि पाचही मैदानावर येतात त्या ट्रकच्या पाठीवर बसून, दोऱ्यांनी बांधून, एखाद्या आजारी हत्तीला आणावं तशा. इतरांची तऱ्हा फारशी वेगळी नाही. मऊ फडक्यांनी ते बॉनेट पुसतात, एकमेकांचे नटबोल्ट अस्सल आहेत का ते वाकून पाहतात, फोटो काढतात आणि गाडी झाकून परत पाठवतात. रस्त्याची धूळ ज्यांच्या टायरला ठाऊक नाही, अशा गाड्यांच्या मालकांना 'चालवण्याचा आनंद' या विषयावर तासन्‌तास बोलताना मी ऐकलं आहे, आणि मला तेव्हा देवळात चपला चोरणाऱ्यानं कीर्तन करावं तसं वाटत आलं आहे.

"ताई, द्या आता ती गाडी मला," अण्णासाहेब म्हणाले. "तुमच्यानं झेपना. माझ्याकडं नीट ऱ्हाईल."

नीट म्हणजे झाकून. मी हसले, आणि दुसऱ्याच दिवशी चिंचवडला यूनुसभाईंच्या गॅरेजात गेले. यूनुसभाई माझ्या गाडीला माझ्याइतकेच ओळखतात. त्यांनी डॅशबोर्डखाली डोकं घालून बराच वेळ पाहिलं आणि मग, शस्त्रक्रियेची परवानगी घेताना डॉक्टर बोलतात त्या आवाजात म्हणाले, "कापावं लागेल, ताई. स्टिअरिंगचा दांडा मधे कापायचा, आजच्या छोट्या गाडीची इलेक्ट्रिक मोटर तिथं बसवायची. तुम्ही थोडं वळवलं की बाकी जोर ती लावणार. बाहेरून काय दिसणार नाही. पण एकदा कापलं की कापलं. नंतर माझ्यावर रागवायचं नाही."

"मला गाडी चालवायचीय, यूनुसभाई. पुजायची नाही."

गाडी परत आली तेव्हा मी एकटीच तळवड्याच्या रस्त्याला लागले. स्टिअरिंग दोन बोटांनी वळत होतं. पूर्वी रस्त्याची बारीकसारीक खडी तळहातांशी मोठ्यानं बोलत असे. आता ती भिंतीपलीकडून बोलल्यासारखी, थोडी दबकी ऐकू येत होती. पण ऐकू येत होती. गाड्या वाहून नेणारे अजस्र ट्रक, कंपन्यांच्या बस, कापलेल्या पोलादाचा आणि तेलाचा तो वास, कुंपणापलीकडे उरलेला ज्वारीचा एखादा पट्टा, हे सारं मला पुन्हा मिळालं होतं, आणि मी वेडीसारखी उगाचच वळणं घेत सुटले होते.

पुढचे दोन रविवार मंडळात कुणालाच काही कळलं नाही. हिंजवडीच्या एका कंपनीतला बडा साहेब तर माझ्या गाडीत बसून स्टिअरिंग कुरवाळत म्हणाला, "हा जो रोड फील आहे ना, तो आजच्या गाड्यांत नाही!" इंजिन बंद होतं, गाडी उभी होती. हा गृहस्थ घरून येतो तो पार्किंगची जागा स्वतःच शोधून उभ्या राहणाऱ्या मोटारीतून. मला राहवलं नाही. मिसळ खाता खाता मी सगळं सांगून टाकलं.

चमचे थांबले. कुणाच्या घरी जाऊन आपण बाटवलेलं अन्न खाल्लं, असे चेहरे झाले. एकानं डॅशबोर्डखाली टॉर्च मारला आणि तोंड वळवलं. साहेबाला लगेच आठवलं, की बसताक्षणीच आपल्याला काहीतरी खटकलं होतं. तर अण्णासाहेब म्हणाले, "जीव गेला गाडीचा. आता ही गाडी न्हाई, खेळणं हाय." त्या सर्वांकडे पाहताना माझ्या मनात राग नव्हता, रागाला समोरचा माणूस जरा तरी मोठा लागतो.

आणि त्याच आठवड्यात, भर दुपारी, अण्णासाहेब एकटे माझ्या दारात आले.

"बघू तरी काय केलंय," ते म्हणाले. किल्ली मी दिली. का दिली, हे मला नीटसं सांगता येणार नाही. बहुधा त्यांची फजिती पाहायची होती. मी शेजारच्या सीटवर बसले. तळवडे गेलं, म्हाळुंगे गेलं, चाकणची कोंडी आली आणि गेली, आणि तरी ते थांबेनात. एका हातानंच ते स्टिअरिंग फिरवत होते. उजवा हात मांडीवर निपचित पडलेला होता, त्याची बोटं थरथरत होती, आणि ती थरथर इंजिनाची नव्हती. खेडच्या अलीकडे एका टपरीवर गाडी उभी करून ते म्हणाले, "लई वर्सांनी चालवली बघा." वाऱ्यानं त्यांचे पांढरे केस उभे राहिले होते. चहा त्यांनी डाव्या हातानं घेतला. परत आल्यावर किल्ली देताना खाली बघून म्हणाले, "कुनाला बोलू नका."

रविवारी तेच आपण होऊन बोलले. "चालवून बघितली मी ताईंची गाडी. जीव न्हाई. पाच मिन्टांत उतरलो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मिसळीत पाव बुडवत राहिले. खरं सांगून टाकणं एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य खर्चावं इतकाही हा माणूस मला त्या क्षणी मोलाचा वाटला नाही. घरी येताना मी स्वतःशीच ठरवलं, की हे मंडळ आता पुरे.

तरी पुढच्या रविवारी मी गेले, आणि बरं झालं गेले. ट्रक आलाच नाही. मैदानाच्या टोकाला एक इंजिन धापा टाकताना ऐकू आलं, आणि अण्णासाहेब आपली सर्वांत जुनी, सर्वांत जड गाडी स्वतः चालवत आत आले. फाटकाच्या वळणावर सारं अंग स्टिअरिंगवर टाकून, दात आवळून, तीनदा मागंपुढं करत त्यांनी ती कशीबशी वळवली आणि माझ्या गाडीशेजारी तिरकी उभी केली. मंडळानं टाळ्या वाजवल्या, फोटो काढले आणि फडकी घेऊन ते दुसऱ्या गाडीकडे वळलं. अण्णासाहेब उतरले नव्हते. सदरा पाठीला चिकटला होता.

मी जवळ गेले.

"शेवटच्या वळनाला हातच उचलंना, ताई," ते हळूच म्हणाले. मग, "त्या यूनुसभाईचं गॅरेज चिंचवडात कुठंशी हाय?"

जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. मी त्याची थोडा वेळ वाटही पाहिली. आला नाही. गाडीतून पाण्याची बाटली आणून मी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी झाकण फिरवून पाहिलं, बोटं घसरली. मी बाटली घेतली आणि दोन्ही तळहातांत झाकण दाबून पिळलं. माझ्याच्यानंही ते हललं नाही. पुन्हा त्यांनी घेतली, पुन्हा मी. पलीकडे मंडळी कुठल्याशा अस्सल बोल्टवर वाकली होती. बाटली आम्ही दोघांच्या मधे बॉनेटवर ठेवली आणि त्यांतल्या कुणाला हाक मारावी, याचा विचार करत उन्हात तसेच थांबलो.