आंघोळीआधीची कोंबडी

बँकेची नोकरी सोडून मी एक वासरू, एक शेळी, चार ससे आणि एक कोंबडी घेऊन फिरू लागले, तेव्हा राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत माझ्या डोक्याविषयी बरीच चर्चा झाली. आमच्याकडे तमिळमध्ये छोट्या टेम्पोला ‘चिन्न यानै’ म्हणतात, म्हणजे छोटा हत्ती. त्यातून शाळांत, वृद्धाश्रमांत जायचं, जनावरं लोकांच्या हाती द्यायची, तासाभराने निघायचं. लोकांना बरं वाटतं. जनावरांना काय वाटतं, ते शेळीने एका हेडमास्तरांचं उपरणं खाऊन एकदा सांगितलं आहे.

ओरत्तनाडूच्या वाटेवरच्या एका वृद्धाश्रमात मी दर मंगळवारी जायचे. तिथे आमच्यातल्याच, मराठी बोलणाऱ्या एक आजी होत्या. कडक सोवळ्याच्या. पहाटे सगळे झोपलेले असताना एकट्या आंघोळ करायच्या आणि मग दिवसभर कुणाला शिवू द्यायच्या नाहीत. न्हाणीघरात दोनदा घसरून पडल्या, तरी आत कुणाला येऊ देतील तर शपथ! तिसऱ्यांदा पडल्या तर कायमच्या अंथरुणाला खिळतील, असं डॉक्टर बजावून गेले होते. देखरेखीच्या बाईंनी मला हात जोडले. “तुम्ही त्यांच्यातल्या. काहीतरी करा.”

मी लगेच शहाणपण दाखवलं. गाईचा विटाळ होत नाही, हे मला घरातूनच ठाऊक. म्हणून, निदान स्पर्शाची सवय तरी लागेल या आशेने, वासरू त्यांच्यापुढे उभं केलं. आजींनी त्याची मान खाजवली, दोन शब्द बोलल्याही. मी गालातल्या गालात हसत होते. पिंजऱ्याची कडी लावायला मात्र विसरले होते. कोंबडी थेट आजींच्या मांडीवर!

“अय्यय्यो! कोंबडी! ने ती अवदसा!” आजी ओरडल्या. उठल्या मात्र नाहीत. कोंबडीनेही ऐसपैस बसून डोळे मिटले. नंतर आजींना दुसऱ्यांदा आंघोळ करावी लागली, आणि देखरेखीच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी टेम्पो काढून पळालेच.

पुढच्या मंगळवारी अकरा वाजता आजी व्हरांड्यात बसलेल्या. कालचंच लुगडं, केस विस्कटलेले.

“बरं नाही का, आजी?” मी घाबरून विचारलं.

“मला काय होतंय? आंघोळ व्हायची आहे अजून. कोठे ती कोंबडी?”

माझ्या डोक्यात उजेड पडायला आणखी एक मंगळवार जावा लागला. आंघोळीआधी माणूस ओवळंच. मग कोंबडी शिवली काय, न शिवली काय! आजींनी सोवळं मोडलं नव्हतं, फक्त वेळ बदलली होती. बँकेत असत्या तर आम्हा सगळ्यांना गुंडाळून ठेवलं असतं. पण मंगळवार सोडून बाकीचे दिवस आंघोळ पहाटेच, अंधारात. आणि मंगळवारीही आत त्या एकट्याच. पडण्याची धास्ती काही जाईना.

मग कोंबडी खुडूक झाली, अंड्यांवर बसली. मी तिच्याविना गेले. आजी ताटकळलेल्या.

“एकवीस दिवस नाही यायची ती,” मी सांगितलं.

त्यांनी वाकून पिंजरा तपासला. मी लपवलेली नाही अशी खात्री झाल्यावर मांडीवरचं लुगडं सारखं केलं.

“मग आंघोळ थांबवली ती फुकटच की.” त्या थोड्या बाजूला सरकल्या. मग म्हणाल्या, “बैस जवळ. हात दे.”

मी दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि धरून ठेवला. आम्ही दोघींनी मिळून सगळ्या जगाला नावं ठेवली. बारा वाजले तशा त्या माझा हात धरूनच उठल्या. न्हाणीघराच्या दारात मी हात सोडवू लागले, तर पकड घट्ट.

“कोठे चाललीस? शिवलीसच आहेस, तर ये आत. पाठ घास.”

मी आत गेले. त्या पाठीला किती वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता, देव जाणे. घासता घासता मला रडू फुटलं.

“जोर लाव की,” आजी म्हणाल्या. “आणि त्या बाईस सांग, उद्यापासून तिने यावे. शेवटचा तांब्या मात्र माझा मी घेईन. त्यानंतर शिवायचं नाही.”