ओसरीवरची चौकशी

किन्हीराजा या गावाच्या पलीकडे आमचं गाव. बाबा तिथे एका मालकाचे सालदार होते. पाडव्याला वर्षाची बोली व्हायची, ती फक्त त्यांच्या कामाची. आई मात्र त्यांच्यासोबत फुकटात गेलेली. रोज सकाळी मालकाचा गोठा झाडायचा, शेण काढायचं, सडा टाकायचा, मग घरची चूल. सालदाराची बायको हे करतेच, असं गावानं धरूनच ठेवलं होतं. मला आजही त्याची चीड येते.

वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला, तेव्हा आमच्या आमदारांनी विधानसभेत विचारलं, तालुक्यात वेठबिगार किती? उत्तर मिळालं, एकही नाही. दुसरं काय मिळणार? चौकशी झाली होती मालकाच्या ओसरीवर, आणि तहसीलदारसाहेबांना पाणी दिलं होतं माझ्याच बाबांनी. पण आमदार चिवट. दर अधिवेशनात तोच प्रश्न. बाकीचे हसायचे म्हणे. आमच्या बौद्धवाड्यात येऊन ते सांगून गेले, "मी इचारनं सोडत नाही. तुमी बोलनं सोडू नका."

मी सातवीत होते, तेव्हा आईची कंबर धरली. मालकाचा निरोप आला, उद्यापासून पोरीला गोठ्यात धाडा. शाळा सकाळचीच होती, म्हणजे शाळा संपलीच. बाबा नेहमीसारखे कामाला निघून गेले. आई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. मला शाळेत धाडून ती दुखऱ्या कंबरेनंच गोठ्यात जात राहिली.

त्याच आठवड्यात तहसीलदार पुन्हा चौकशीला आले, आणि बसले त्याच ओसरीवर, मालकाशेजारी. आई मला घेऊन तिथे गेली. बाबा पाण्याचा तांब्या घेऊन उभेच होते. शेणाची पाटी तिनं त्यांच्या खुर्चीसमोरच ठेवली.

"साहेब, याईचा गोठा रोज मी झाडतो. मले त्याचं काय भेटते, ते याईलेच इचारा."

मालक हसले. "तिले कायचं देनं? नवरा सालानं आहे ना माह्याकडं."

"आणि ती आली नाही तर?" तहसीलदारांनी विचारलं.

"तं नवऱ्याले काढून टाकीन. कंबर दुखते म्हनते, म्हून तं पोरीले बलावलं."

आपण काही वावगं बोललो, असं मालकांना वाटलंच नाही. तहसीलदारांनी ते त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं आणि लिहून घेतलं. बाबांनी हातातला तांब्या खाली ठेवला आणि आमच्यासोबत घरी आले.

पुढच्या पाडव्याला बाबांना कुणीच सालानं ठेवलं नाही. ते रोजगार हमीच्या सडकेवर खडी फोडू लागले. हात सोलून निघायचे. मी शाळेत जात राहिले.

अधिवेशन झाल्यावर आमदार स्वतः आमच्या दारी आले. खुशीत होते. या वेळी सरकारनं मान्य केलं होतं, तालुक्यात वेठबिगार आहे, एक.

आई भडकली. "एकच? अन् बाकीच्या बाया काय हौसेनं शेन काढून राह्यल्या?"

आमदारांना चहासुद्धा न विचारता ती उठली आणि त्यांना शेजारच्या सालदाराच्या घरी घेऊन गेली.